फाटकाचे कुलूप आणि धुऱ्यावरची वाट

नरखेड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“माझे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून आमचे चार एकर वावर मीच पाहते. पऱ्हाटी आणि तूर असते. वावर रस्त्यापासून आत आहे आणि मध्ये शेजारच्या काकाजींची संत्र्याची बाग लागते. आमच्या आजेसासऱ्यांनी हे वावर 1968 साली काकाजींच्या वडिलांकडूनच विकत घेतले होते आणि तेव्हापासून आमची बंडी (बैलगाडी) त्यांच्या वावरातून जात आली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी संत्रा लावला, तेव्हाही काकाजींनी मधला एक पट्टा आमच्यासाठी मोकळा सोडला. मागच्या पोळ्यानंतर त्यांचा मुलगा नोकरी सोडून गावी आला. त्याने जाळीचे कुंपण केले, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन बसवली आणि घटस्थापनेच्या दिवशी फाटकाला कुलूप घातले. ‘बंडी होती तोवर ठीक होतं. आज ट्रॅक्टर आणता, उद्या ट्रक येईन,’ असे तो म्हणाला. मागून नाल्यातून जाता येते, पण पावसाळ्यात ती वाट बंद असते. तूर आता काढायला आली आहे. भाऊ म्हणतो, कुलूप तोड, पुढचे मी पाहतो. दीर म्हणतात, तहसीलमध्ये अर्ज टाक. कधी वाटते, वावर विकून नागपूरला मुलीकडे राहायला जावे. काकाजींशी बोलणे बंद आहे. काय करू?”

ताई, कुलूप तोडू नका. बाकी सर्व प्रश्नांच्या आधी हे सांगणे भाग आहे, कारण ज्या दिवशी कुलूप तुटेल त्या दिवसापासून हा तंटा वाटेचा राहणार नाही, तो तुमच्या भावाने केलेल्या नुकसानीचा होईल. पोलीस ठाण्यात तक्रार त्यांची असेल आणि 1968 पासूनच्या तुमच्या वहिवाटीची चौकशी तेथे कोणी करणार नाही.

दुसरी तातडीची गोष्ट तारखेची आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला असेल तर तो दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात, परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला तरच. घटस्थापनेला कुलूप लागले, म्हणजे ढोबळ हिशेबाने गुढीपाडव्यापूर्वी तुमचा अर्ज तहसील कार्यालयात दाखल होऊन त्याची पोच तुमच्या हाती असली पाहिजे. आत्ताच संक्रांत झाली आहे, तेव्हा बोलणी करायला दोन महिने आहेत आणि ते पुरेसे आहेत. मात्र बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. “पुढच्या आठवड्यात बसू” या एका वाक्यावर अनेकांचे सहा महिने निघून गेलेले मी पाहिले आहेत.

आता तुमची बाजू किती भक्कम आहे ते पाहू. तुम्ही समजता त्यापेक्षा ती एका अंगाने अधिक भक्कम आहे आणि दुसऱ्या अंगाने बरीच कच्ची आहे.

भक्कम अंग 1968 च्या खरेदीचे आहे. तुमच्या पत्रात हे वाक्य सहज येऊन गेले आहे, पण माझ्या मते साऱ्या पत्रातील ते सर्वांत मोलाचे वाक्य आहे. एखाद्याने आपल्या जमिनीचा आतला तुकडा विकला आणि त्या तुकड्याकडे जायला विकणाऱ्याच्याच उरलेल्या जमिनीतून गेल्यावाचून गत्यंतर नसेल, तर ती वाट खरेदीदाराला गरजेपोटी मिळते, असे 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 13 सांगते. हा कायदा तेव्हाच्या मध्य प्रांताला, म्हणजे तुमच्या भागाला, अगदी सुरुवातीपासून लागू आहे. शिवाय उघडपणे, शांततेने, हक्क समजून आणि खंड न पडता वीस वर्षे वाट वापरली असेल तर त्याच कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तो हक्क पक्का होतो, आणि तुमची वहिवाट तर अर्धशतकाहून जुनी आहे. तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या खरेदीखताची नक्कल आधी काढा आणि त्यातील चतुःसीमेत वाटेचा उल्लेख आहे का ते पाहा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ही मागा. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल, पण खासगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या, पाणी नेण्याच्या आणि मासेमारीच्या गावोगावच्या रूढी ज्या दस्तऐवजात नोंदल्या जातात तो हाच, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 165 मध्ये त्याला आजही स्थान आहे. त्यात तुमच्या वाटेची नोंद सापडली तर निम्मे बोलणे तिथेच संपेल. सापडली नाही तरी बिघडत नाही.

कच्चे अंग असे. पहिले म्हणजे नाल्याची वाट. गरजेपोटी मिळणारी वाट गैरसोय टाळण्यासाठी मिळत नसते, दुसरा मार्गच नसेल तेव्हा मिळते. त्यामुळे नाला किती महिने वाहतो, त्यातून बंडी जाते की नुसते माणूस जाते, दरड किती उभी आहे, हे सगळे विचारले जाईल. या पावसाळ्यात त्याची छायाचित्रे काढून ठेवली असतील तर ती जपा. दुसरी बाब तुम्हांला आवडणार नाही. त्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम 28 मध्ये असे म्हटले आहे की, एका प्रकारच्या जाण्यायेण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क आपोआप येत नाही. पन्नास वर्षे बंडी गेली म्हणून आज ट्रॉलीसह ट्रॅक्टर जाईलच असे गृहीत धरता येत नाही, आणि काकाजींचा मुलगा जे बोलला त्यात तुम्हांला उद्धटपणा दिसला असला तरी त्याने नेमके याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. तिसरे, दीर ज्या अर्जाबद्दल बोलत आहेत तो बहुधा जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खालचा असावा, कारण गावोगावी तोच अधिक माहीत आहे. त्या कलमाखाली तहसीलदार वाट देऊ शकतात ती दुसऱ्याच्या वावराच्या सीमेवरून, म्हणजे धुऱ्यावरून. भर बागेतून नव्हे.

इथे थांबून एक प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर तुम्ही मला कळवण्याची गरज नाही. तुम्हांला वावरात जायला वाट हवी आहे, की बागेच्या मधली तीच वाट हवी आहे?

त्या मधल्या पट्ट्याकडे बागेच्या मालकाच्या नजरेने एकदा पाहा. आपल्याकडे संत्रा साधारण वीस बाय वीस फुटांवर लावतात. झाड लहान असताना दोन ओळींमधून बंडीच काय, लग्नाची वरात नेली तरी चालते. नऊ वर्षांच्या झाडाचा घेर मात्र चौदा-पंधरा फूट भरतो, आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या वजा केल्या तर मध्ये उरतात जेमतेम पाच-सहा फूट. तेवढ्यातून ट्रॉली नेली की अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची फळे दोन्हीकडून घासली जातात, खालची ठिबकची नळी चाकाखाली येते, आणि काळ्या जमिनीत ओलीचे चाक एकदा रुतले की ती नाळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बुजत नाही. चिखलाची चाके हीसुद्धा लहान गोष्ट नाही. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लावणारा डिंक्या रोग जमिनीतून आणि पाण्यातून पसरतो, आणि दुसऱ्या रोगट बागेत फिरून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली माती आपल्या झाडांच्या बुंध्याशी पडावी असे कोणत्याही बागाइतदाराला वाटणार नाही. तुम्ही भाड्याने ट्रॅक्टर आणता. तो कालपर्यंत कुणाच्या वावरात होता हे तुम्हांलाही ठाऊक नसते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मधल्या वाटेचा आग्रह तुम्ही स्वतःहून सोडण्याची तयारी दाखवावी आणि त्याऐवजी धुऱ्यावरून, ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद आणि कायमची नोंदवलेली वाट मागावी. मे 2025 मध्ये राज्याच्या महसूल विभागाने काढलेल्या निर्णयातही शेतरस्ता किमान 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे म्हटले आहे. म्हणजे तुमची मागणी काही जगावेगळी ठरणार नाही.

बोलायला जाण्यापूर्वी पायाने मोजून हिशेब करा. बागेची लांबी सहाशे फूट आहे असे धरू. धुरा काकाजींच्या बागेचा आणि पलीकडच्या वावराचा सामाईक असणार, तेव्हा दहा फुटांच्या वाटेसाठी प्रत्येकाकडून पाच फूट घ्यावे लागतील, म्हणजे काकाजींचे तीन हजार चौरस फूट, पावणेतीन आरच्या आसपास. बागेची कडेची ओळ बहुतेक धुऱ्यापासून दहा फुटांवर असते. तशी असेल तर एकही झाड तोडावे लागत नाही, फक्त त्या ओळीच्या धुऱ्याकडच्या फांद्या दोन-तीन फूट छाटाव्या लागतील. उलट मधला पट्टा तुम्ही सोडला की दहा फूट रुंदीच्या हिशेबाने त्यांचे सहा हजार चौरस फूट कायमचे मोकळे होतात. हा हिशेब कागदावर मांडून न्या, पण कागद आधी बाहेर काढू नका. आकडे मुलाला पटतील; काकाजींना आधी आणखी काही ऐकायचे असेल.

पलीकडच्या वावराच्या मालकाला विसरू नका. त्यांचे पाच फूट जाणार असल्याने त्यांची सही लागेलच, पण त्यांना विचारायला तुम्ही काकाजींच्या आधी गेलात तर काकाजींना ती बातमी पानठेल्यावर कळेल आणि सगळे मुसळ केरात जाईल. काकाजींचा होकार आल्यावर दोघांनी मिळून त्यांच्याकडे जावे. मुरूम टाकलेल्या वाटेने त्यांचाही ट्रॅक्टर आणि सोयाबीनच्या वेळी हार्वेस्टर वावराच्या मागच्या टोकापर्यंत जाईल, एवढे त्यांना सांगणे पुरे.

काकाजींकडे भावाला नेऊ नका. दिरांनाही नको. जो माणूस तुमच्याकडून भांडायला तयार असतो तो तडजोड करताना अडचणीचा ठरतो. रथसप्तमीपर्यंत तीळगूळ देण्याचा रिवाज आहे, तेवढे निमित्त घरात पाऊल ठेवायला पुरते. मुलगा घरी असतानाच जा. त्याला वगळून वडिलांशी बोललात तर त्याला ते कळेलच, आणि बाग आता तोच पाहतो. बसल्यावर वाटेचा विषय तुम्ही काढा, मात्र सुरुवात हक्कापासून करू नका, त्याच्या बागेपासून करा. कशाची भीती वाटते असे त्याला सरळ विचारा आणि तो बोलत असताना मध्ये उत्तर देऊ नका. फाटक उघडे राहिले तर रोही (नीलगायी) आणि रानडुकरे शिरतात, नळ्या फुटतात, फळे जातात, हे तो सांगेल. यातले शेवटचे तुम्हांला लागेल. तरी गप्प राहा.

एक गोष्ट मात्र तो सांगणार नाही, आणि तीच खरी आहे असा माझा कयास आहे. “उद्या ट्रक येईन” असे तो म्हणाला. कापसाच्या चार एकरांना ट्रक कशाला लागतो? ट्रक लागतो तो ले-आउट पडले, वीटभट्टी लागली किंवा कोणी गोदाम बांधले तर. तुमचे यजमान गेले, मुलगी नागपूरला आहे, वावर आज ना उद्या विकले जाईल, आणि रुंद नोंदलेली वाट असली की घेणारा बाहेरचा असेल, हे गणित गावात प्रत्येकाने मांडलेले असणार. तुमच्याही पत्रात विकण्याचा विचार आहेच. तो लपवू नका. नाही विकणार असे आज म्हणून दोन वर्षांनी विकलेत तर तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीला गावात येणे जड जाईल. त्याऐवजी तुम्ही होऊनच म्हणा की ही वाट शेतीच्या कामापुरतीच राहील, बिगरशेती वापरासाठी राहणार नाही, आणि पुढे जो कोणी वावर घेईल त्यालाही हीच अट बांधील असेल, असे लिहून द्यायला मी तयार आहे. त्यामुळे वावराची किंमत थोडी कमी येईल हे खरे आहे. पण वाटच नसलेल्या वावरापेक्षा ती नक्कीच जास्त असेल.

बाकीच्या भीतींवर उपाय सोपे आहेत. फाटकाचेच घ्या. माझ्या मामांच्या वावरात असाच वाद होता आणि तो एका साखळीने मिटला. फाटकाला साखळी असे, पण तिची दोन टोके एका कुलपाने जोडलेली नसत. एका टोकात मामांचे कुलूप, दुसऱ्या टोकात शेजाऱ्याचे कुलूप, आणि ही दोन कुलपे एकमेकांच्या कडीत अडकवलेली. कोणीही आपले कुलूप उघडले की साखळी सुटे आणि जाताना आपले कुलूप पुन्हा दुसऱ्याच्या कडीत अडकवले की बंद होई. किल्ली मागायला कोणी कोणाच्या दारी जात नसे. लहानपणी आम्हांला त्या दोन कुलपांचे मोठे नवल वाटे. धुऱ्यावरची वाट कुंपणाच्या बाहेर राहणार असेल तर तुम्हांला याची गरजही पडणार नाही. मुलाने आपली जाळी पाच फूट आत घ्यायची आणि झटक्याची तारही तिच्याबरोबर आत न्यायची, एवढेच. जाळी हलवण्याचा खर्च मात्र तुम्ही उचला. कुंपण नवे आहे आणि त्याने ते पदरच्या पैशाने केले आहे.

मुरुमाचा खर्चही तुमचाच. कायद्यानेसुद्धा वाट वापरणाऱ्यानेच ती दुरुस्त ठेवायची असते. सहाशे फूट लांब, दहा फूट रुंद आणि सहा इंच थर, म्हणजे तीन हजार घनफूट, तीस ब्रास मुरूम होतो. तो आणण्यापूर्वी तहसीलमधून गौण खनिजाची परवानगी काढा, नाहीतर वाटेचे भांडण मिटून दंडाचे सुरू होईल. धुऱ्याच्या कडेने पाणी वाहत असेल तर सिमेंटच्या नळ्या टाकायला विसरू नका, कारण तुमच्या वाटेने अडलेले पाणी बागेत तुंबले तर डिंक्याची भीती खरी ठरेल.

आता लिखापढीबद्दल, आणि इथे घाई करू नका. गावात “नोटरी केली की झालं” असे म्हणतात, पण तसे होत नाही. जमिनीवरून जाण्याचा कायमचा हक्क लिहून देणारा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि नंतर त्यावरून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद घ्यायला लावायची असते. दस्तात वाटेची लांबी-रुंदी, नकाशा, ट्रॅक्टरचा स्पष्ट उल्लेख, शेतीपुरत्या वापराची अट आणि दुरुस्तीची जबाबदारी हे सगळे यावे. जुनी मधली वाट सोडल्याचे वाक्य याच दस्तात असावे, आधीच्या कोणत्याही कागदावर नको. नवी वाट नोंदण्याआधी जुनी सोडल्याची सही दिलीत तर दोन्हींना मुकाल. तसेच ‘परवानगीने’, ‘मेहरबानीने’, ‘तात्पुरते’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. हे शब्द नम्र दिसतात, पण हक्काने केलेली वहिवाट आणि कोणी दिलेली सवलत यांत कायदा फार मोठा फरक करतो, आणि सवलत काढून घेता येते.

समजा, इतके करूनही फेब्रुवारी संपेपर्यंत काही ठरले नाही. मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात कलम 5 खाली अर्ज द्या, आणि देण्याच्या आदल्या दिवशी काकाजींना स्वतः जाऊन सांगा की मुदत संपते म्हणून देत आहे, बोलायला मी अजून तयार आहे. नोटीस हाती पडल्यावर कळण्यापेक्षा हे बरे. अर्जासाठी वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. तिथूनच, दावा दाखल करण्याआधीच, प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. गावची तंटामुक्ती समिती जागी असेल तर तिच्याकडेही जाता येईल, पण समितीत काकाजींचे किंवा तुमचे व्याही-भाचे किती आहेत ते आधी मोजा. कलम 143 चा अर्ज धुऱ्यावरच्या वाटेसाठी स्वतंत्रपणे करता येतो; तो निकाल कोणाला मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो, म्हणजे तो रस्ता लांबचा आहे.

राहिली यंदाची तूर. तिच्यासाठी ही सगळी बोलणी पूर्ण होण्याची वाट पाहू नका. काकाजींनी अंबियासाठी बाग ताणावर सोडली, म्हणजे तिचे पाणी बंद ठेवले असेल तर या दिवसांत जमीन कोरडी आणि कडक असते, आणि एकदा ताण तोडून पाणी सुरू झाले की पुढे फुलांचे दिवस येतात. तेव्हा आत्ताच, दोन दिवसांत काम उरका आणि महाग पडले तरी भाड्याची बंडीच लावा, ट्रॅक्टर आणू नका. काकाजींच्या मुलाला आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश पाठवा, म्हणजे तो तुमच्याकडेही राहील. त्यात “परवानगी द्यावी” असे लिहू नका. “दरवर्षीप्रमाणे उद्या आणि परवा बंडीने तूर काढणार आहे, सकाळी सातला फाटक उघडून ठेवावे, संध्याकाळी मी स्वतः बंद करून जाईन,” एवढे लिहा, आणि संध्याकाळी खरोखरच स्वतः जाऊन बंद करा.